पश्चिमेची खिडकी आणि शनिवारचं वादळ

मंगळवार, तीन तारीख, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या बंदर-हवामान कार्यालयाचे मुख्याधिकारी साहेब, प्रमुख पाहुणे आणि गेल्या दोन महिन्यांपासून कार्यालयाचे मानद सल्लागार असलेले ज्योतिषी महोदय, व्यासपीठावरचे बंदराधिकारी, जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आपली वादळवाली, माझे जुने सहकारी, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे दाराशी उभे असलेले मच्छीमार बंधू-भगिनी, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

नमस्काराच्या आधी तारीख आणि वेळ का सांगितली, असा प्रश्न सूत्रसंचालकांच्या कपाळावर मला इथून दिसतो आहे. सांगते. या खात्यात माझी हयात गेली. इथे कुठलीही नोंद आधी तारीख, मग वेळ, मग बाकीचं, अशीच होते. मंगळवारी त्या वेळी या इमारतीत एक चूक घडली आहे, आणि तिची नोंद कुठेच झालेली नाही. ती मी आता करणार आहे. पण आधी सौजन्य. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, भांडायचंच असेल तर आधी हात धुऊन या. तर हात धुऊन घेते.

साहेबांनी मला अगत्याने बोलावलं, याबद्दल त्यांचे आभार. फोनवर ते म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्या गुरू. पाच मिनिटं चार गोड शब्द बोला." मी विचारलं, "गोडच का?" ते म्हणाले, "निरोप आहे ना, बाई." आता पाच मिनिटांत माझं संपणार नाही, असा माझा अंदाज आहे, आणि माझे अंदाज चुकले की मी तसं सांगते. हे या खोलीतल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

या खोलीबद्दल दोन शब्द. दोन वर्षांपूर्वी मलाही निरोप इथेच दिला होता. तेव्हा इथे वारा होता. आज तुम्ही सगळे निमंत्रणपत्रिकांनी वारा घेताय, कारण माझ्या पाठीमागची ही पश्चिमेची खिडकी खिळे ठोकून बंद केली आहे. मी चौकशी केली. साहेबांच्या ग्रहमानाला पश्चिम दिशा वर्ज्य आहे, असं कळलं. असेलही. पण समुद्र पश्चिमेला आहे, हो! आमच्याकडचं सगळं हवामान पश्चिमेकडून येतं. ग्रहांना त्याची कल्पना कुणी दिली नसावी. हवामान कार्यालयाने हवामानाच्याच बाजूची खिडकी बंद करायची म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे मिटून तपासायला बसण्यासारखं आहे.

असो. आज जिचा निरोप आहे तिच्याकडे वळू.

ही मुलगी सात वर्षांपूर्वी इथे आली. त्या वेळी या कार्यालयात एक रीत होती. मागे उभ्या असलेल्यांना ती माहीत नसेल, म्हणून सांगते. रोज सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे इथे उभे राहायचो. बसायचं नाही. खुर्चीत बसला की माणूस स्वतःचा वकील होतो, असं आमचे तेव्हाचे साहेब म्हणत. ज्याने काल अंदाज दिला, त्याने तो मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने प्रत्यक्षात काय झालं ते वाचायचं. मग पहिल्याने सगळ्यांसमोर एकच शब्द उच्चारायचा, "बरोबर" किंवा "चुकलो". "चुकलो, पण" असं म्हणायला बंदी. "पण" तोंडातून निघाला की त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा त्याच्याकडून. या बैठकीला आम्ही 'कबुली' म्हणायचो. चूक भिंतीवरच्या फळ्यावर लिहिली जायची, आणि ती का झाली हे सापडेपर्यंत पुसायची नाही. तो फळा आता नाही. रंग उडालेली चौकट मात्र अजून भिंतीवर आहे, पाहून घ्या.

त्या फळ्यासमोर मी इतक्यांदा "चुकले" म्हटलंय की घरी नवऱ्यासमोर म्हणायला एकही शिल्लक राहिलं नाही. त्यांची तक्रार होती. असू दे.

ही पोर पहिल्याच आठवड्यात चुकली. ढग गेले म्हणाली, आणि बंदरावर वाळत घातलेली मासळी भिजली. कबुलीत "चुकले" म्हणताना तिच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. रडण्याने हवेचा दाब वाढत नाही. का चुकलीस ते शोध." ती या खिडकीशी जी उभी राहिली ती तीन महिने जेवणाच्या सुट्टीतही तिथेच. अचानक उठणाऱ्या वादळाच्या आधी क्षितिजावर कसला रंग येतो, वारा कसा थबकतो, दाबाची रेघ कशी लटपटते, हे ती तिथे शिकली. आणि पुढे अशी तयार झाली की खात्याने नियमच करून टाकला. आकाशाचं लक्षण बरं दिसत नसेल, तर पाळी कुणाचीही असो, अंदाजाच्या टेबलावर हिला बसवायचं. 'वादळवाली' हे नाव तेव्हा कौतुकाने पडलं.

हा नियम ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्याच काळात आमच्याकडे एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही 'बहुधा' म्हणायचो. त्यांचा अंदाज असा असे: "आकाश निरभ्र ते ढगाळ राहील. काही ठिकाणी पाऊस पडण्याची, अथवा न पडण्याची, शक्यता आहे. वारा बदलू शकतो." वर्षभर कबुलीत हे महाशय ताठ मानेने "बरोबर" म्हणत राहिले. एकदाही चुकले नाहीत! शेवटी एक दिवस जुने साहेब म्हणाले, "तुमचा अंदाज चुकूच शकत नाही. म्हणून तो ऐकून कुठला मच्छीमार बोट बाहेर काढेल, किंवा आत ठेवेल, ते सांगा." बहुधा म्हणाले, "बहुधा..." त्यांना त्याच दिवशी टेबलावरून उठवून भांडारात बसवलं. तिथेही खिळे आहेत की नाहीत विचारलं, तर असू शकतील म्हणत.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. पण बहुधा आज कुठे आहेत? गेल्या महिन्यापासून वादळाच्या टेबलावर आहेत. दुसऱ्या रांगेत बसलेत. नमस्कार, बहुधा.

तर आता अंगावर येणारा भाग. अध्यक्ष महोदय, तुमचा हात घंटीकडे गेला, तो मला दिसला. थोडं थांबा.

वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही आलात. कबुली बंद केलीत, कारण त्याने कर्मचाऱ्यांचं मनोबल खचतं. त्यानंतर तीन घटना झाल्या. जोराच्या वाऱ्याने धक्क्यावरचं छप्पर उडालं. हिने आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून खाली माणूस नव्हता. मग दाट धुकं पडलं आणि प्रवासी बोट वाळूत रुतली. हिने सांगितलं होतं. बोटीच्या तांडेलाने ऐकलं नाही. आणि तिसरी घटना इथल्याच आवारातली. हिने सकाळी तीनदा निरोप पाठवला की वारा चढणार, वारा मोजायच्या मनोऱ्याखालच्या गाड्या हलवा. सगळ्यांनी हलवल्या. शिपायाने सायकलसुद्धा हलवली. एकच गाडी राहिली. "पाच मिनिटांत हलवतो," असं तिचे मालक म्हणाले होते. मनोऱ्याचा वरचा दांडा नेमका तिच्यावर पडला. साहेब, नव्या गाडीबद्दल अभिनंदन.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई तीनदा सांगत होती, आपण ऐकायला हवं होतं. पण तेवढं म्हणण्यासाठी "चुकलो" हा शब्द लागतो, आणि त्याची बैठक तर बंद झाली होती. तेव्हा साहेबांनी ज्योतिषी महोदयांना बोलावलं. त्यांनी फार मार्मिक प्रश्न विचारला: "तिन्ही वेळा टेबलावर कोण होतं?"

तीच होती! दुसरं कोण असणार? मघाचा नियम आठवा. आकाश बिघडलं की तिलाच बसवायचं, हा तुमच्या खात्याचा नियम. आग लागते तिथे बंबवाला दिसतो, म्हणून बंबवाल्याच्या पत्रिकेत आग शोधायची? अत्यवस्थ रोग्याच्या उशाशी मोठे डॉक्टर दिसतात, म्हणून मरण त्यांच्या पावलांनी येतं? पण हिची जन्मवेळ मागवली गेली, कुंडली मांडली गेली, आणि निदान झालं: ही जिथे बसेल तिथे उलथापालथ. 'वादळवाली' हे कौतुकाचं नाव त्या दिवसापासून शिवी झालं.

मग हिला टेबलावरून उठवून भांडारात धाडलं, आणि टेबल बहुधांकडे गेलं. पंधरा दिवस समुद्र शांत राहिला. ज्योतिषी महोदय म्हणाले, पाहा! सोळाव्या दिवशी वारा उठला. महोदय म्हणाले, भांडार याच इमारतीत आहे ना. हिला रजेवर पाठवलं. रजेत पाऊस झाला. म्हणाले, छाया अजून उतरायची आहे. आता मला सांगा, या मुलीने काय केलं असतं तर महोदय चुकले असते? ती बसली तर तिच्यामुळे, उठली तर तिच्या जागेमुळे, गेली तर तिच्या सावलीमुळे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या पाऊलवाटेवरही महोदयांची खुर्ची. या खिडकीला निदान खिळे तरी आहेत, उपटता येतील. त्या तर्काला खिळाच नाही. कुठून उपटायचा?

आणि हे कार्यालयातच थांबत नाही. तिच्या वहिनीचे दिवस भरत आले आहेत. तिची आई, अगदी साधी, प्रेमळ बाई, परवा तिला म्हणाली, "बाळ झालं की तू लगेच दवाखान्यात येऊ नकोस हं. आठवड्याने ये. लोक काहीबाही बोलतात." लोक! घरची माणसं जे स्वतः बोलू शकत नाहीत ते लोकांच्या तोंडी घालतात.

आता मंगळवार, तीन तारीख, अकरा वीस.

ही साहेबांच्या खोलीत गेली ती शनिवारच्या वादळाचा इशारा घेऊन. टेबल काढून घेतलं तरी डोळे कुणी काढून घेतले नव्हते. नकाशे ती भांडारात बसून पाहतच होती. कोचावर ज्योतिषी महोदय होते. पुढचं बोलणं तिने मला सांगितलं तसंच सांगते.

ती म्हणाली, "सर, शनिवारी सकाळी मोठं वादळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी बोटी सुटतात. इशाऱ्यावर सही हवी."

साहेबांनी महोदयांकडे पाहिलं. महोदय म्हणाले, "हिच्या तोंडून निघालं की ते येतंच. वाणीदोष आहे. कागद बाहेर जाऊ देऊ नका."

"मी सांगितल्याने येत नाही," ती म्हणाली, "ते येतंय म्हणून मी सांगते."

साहेब म्हणाले, "बाई, वाद नको. तुमच्याच भल्यासाठी टेकडीवरच्या पर्जन्यमापन केंद्रात तुमची बदली करतो आहे. सोमवारपासून. शांत जागा आहे. तिथे अंदाज द्यावा लागत नाही, पडलेला पाऊस मोजायचा फक्त."

"आणि शनिवारचं?"

"ते बहुधा पाहतील."

साहेब, ती खोटं सांगत असेल तर आत्ता इथे उठून तसं म्हणा. मी थांबते.

बरं.

काल, बुधवारी, ती माझ्या घरी आली. मला वाटलं, संतापाने लाल होऊन येईल. पण ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि चहाचा कप हातातच धरून बसली, म्हणजे उभीच राहिली, तशीच. मी म्हटलं, "अगं, पी. निवला तो."

ती म्हणाली, "बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचार."

"मी टेकडीवर गेले आणि वादळ आलंच नाही, तर?"

"तर वाऱ्याने दिशा बदलली. आणि तू चुकलीस."

"तसं नाही, बाई. मी गेल्यामुळे आलं नाही, असं असलं तर?"

मंडळी, मी ओरडले. सात वर्षं जिने आकाश वाचलं, जिच्या एका शब्दावर शंभर घरांतली माणसं किनाऱ्यावर राहिली, ती मला विचारत होती की हवेचा दाब आपल्या जन्मवेळेमुळे उतरतो का! पण ओरडणं हे उत्तर नव्हे. तिला उत्तर हवं होतं. ते आज देते. पोरी, तुझ्यासाठीच आले आहे. तो गुच्छ जरा खाली ठेव आणि ऐक.

ज्योतिषाला मी शास्त्र म्हणत नाही. शास्त्राचं सोंग म्हणते. ते जुनं आहे म्हणून नव्हे. हवामानाच्या म्हणीही जुन्या आहेत. त्यात गणित नाही म्हणूनही नव्हे. गणित आहे, आणि चोख आहे. अमुक दिवशी अमुक ग्रह कुठे असेल हे ते बिनचूक सांगतात, आणि ज्यांनी पूर्वी नुसत्या डोळ्यांनी पाहून हे हिशोब बसवले त्यांच्यापुढे मी मान लववते. पण भिंतीवरचं घड्याळ अचूक चालतं म्हणून ते माझ्या घरातली भांडणं ठरवत नाही. ग्रह तिथे आहे, इथवर गणित. म्हणून तुझ्यामुळे छप्पर उडालं, ही पुढची उडी. त्या उडीखाली जमीन आहे का, हे तपासायचं असतं. आणि तपासलं आहे लोकांनी. निरनिराळ्या देशांत ज्योतिष्यांपुढे नावं झाकलेल्या कुंडल्या ठेवल्या आणि विचारलं, यातली कुणाची कोणती, सांगा. त्यांचा निकाल नाणं उडवून येतो त्याच्या फारसा पुढे गेला नाही. त्यानंतर त्या ज्योतिष्यांनी आपलं काय चुकलं ते शोधायला फळा टांगला, असं काही माझ्या कानावर आलेलं नाही.

आणि माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट तर घरचीच. लग्नाआधी वडिलांनी दोघा ज्योतिष्यांना पत्रिका दाखवली. दोघांची पद्धत वेगळी, म्हणून दोघांनी राशीसुद्धा वेगवेगळ्या काढल्या! एक म्हणाला, सुखी होईल. दुसरा म्हणाला, त्रास होईल. आज इतक्या वर्षांनी दोघंही आपण बरोबर होतो असं सांगतात. आणि ते खरं आहे, कारण तिचं लग्न झालं. लग्न झालं की दोन्ही होतं.

आम्हीही चुकतो. रोज चुकतो. तुम्ही मागे उभे असलेले लोक आम्हांला तोंडावर सांगता, "तुमचा पाऊस आमच्याकडे विसरला वाटतं!" ते आम्ही ऐकून घेतो, कारण आमचा अंदाज चुकू शकेल अशा भाषेत दिलेला असतो. अमुक वाजता, अमुक दिशेने, अमुक वेगाने. तसं झालं नाही की आमचं नाक कापलं जातं, आणि त्या कापलेल्या नाकातूनच आम्ही थोडं शिकतो. माझ्या उमेदीत वादळ आदल्या संध्याकाळी कळायचं. आज चार दिवस आधी कळतं. ते कुणाच्या कृपेने नव्हे, त्या फळ्यावरच्या चुकांमुळे. ज्योतिष त्या कबुलीला कधी उभंच राहिलं नाही. खरं ठरलं तर ग्रह थोर. खोटं ठरलं तर जन्मवेळ चुकीची, किंवा तुमची श्रद्धा कमी. जो कधीच "चुकलो" म्हणत नाही त्याला काही कळतच नसतं, पोरी. तो बहुधा असतो, फक्त भाषा जास्त भारदस्त.

महोदय, तुम्ही आपलं स्मितहास्य तसंच ठेवलं आहे, त्याचं मला कौतुक वाटतं. मघाशी चहाच्या वेळी तुम्ही मला म्हणालात, "बाई, तुम्ही परखड. मंगळ जोरात दिसतो." अहो, मी परखड आहे हे कळायला मंगळापर्यंत कशाला गेलात? या ध्वनिक्षेपकाजवळ उभं राहिलं तरी पुरे.

पण हसण्याची वेळ संपली. आज गुरुवार. उद्या संध्याकाळी बोटी सुटतील. इशाऱ्यावर सही नसेल तर बंदरावर लाल निशाण चढत नाही. निशाण नसेल तर बोटीचा मालक म्हणतो, सोडा. मी काल बंदराधिकाऱ्यांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण निवृत्त माणसाच्या सांगण्यावर मला निशाण चढवता येत नाही. सही आणा." बरोबर आहे त्यांचं. सही साहेबांची. साहेबांचं मन महोदयांपाशी. महोदयांचे ग्रह आकाशात. आणि खिडकी बंद.

ही मुलगी तर सगळ्यांत घट्ट अडकली आहे. तिने इशारा दिला आणि वादळ आलं, तर हिने आणलं. इशारा दिला आणि आलं नाही, तर हिला काही कळत नाही. गप्प बसली आणि आलं, तर ते जन्मभर तिच्या उरावर बसेल. परवापासून ती कार्यालयात गप्प आहे. आजही तिने निरोपाला उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय. कार्यक्रमपत्रिकेत तशी जागाच ठेवलेली नाही.

म्हणून तिचा अंदाज मी वाचते. तिने माझ्या ओट्यावर नकाशा पसरून मला सांगितला होता, तो. मागची मंडळी, नीट ऐका. शनिवार, सात तारीख. सकाळी नऊपर्यंत नैर्ऋत्येकडून वारा ताशी सत्तर किलोमीटरच्या वर जाईल. खुल्या समुद्रात लाटा चार मीटरपेक्षा उंच असतील. दुपारी बारापर्यंत यातलं काही झालं नाही, तर हा अंदाज...

काय? काय म्हणालीस? मोठ्याने बोल, पोरी. ध्वनिक्षेपक माझ्याकडे आहे, घसा तुझ्याकडे आहे.

ऐकलंत? मागे ऐकू गेलं का? ती म्हणते, आज सकाळी दाब आणखी उतरला आहे. नऊ नव्हे, सात वाजताच. मी जुना आकडा वाचला.

चुकले.

"पण" नाही.

पाहा साहेब, याला म्हणतात कबुली. एक क्षण लागतो, माणूस मरत नाही. आणि पोरी, तुला तुझं उत्तर मिळालं ना? ज्या हवेला तू आणतेस असं हे म्हणतात, ती काल रात्रीतून तुला न विचारता दोन तास अलीकडे सरकली.

घंटा वाजली. दोनदा वाजली. आवरते.

साहेबांनी निरोपाची भेट म्हणून हिला पांढरी छत्री दिली आहे. काळी वर्ज्य होती म्हणे. ती छत्री ती टेकडीवर नेणार की नाही, हे अजून ठरायचं आहे. तेव्हा तुम्ही मनापासून वाजवलेल्या टाळ्यांना मी तूर्त आगाऊ समजते.

माझं मागणं फार नाही. अध्यक्ष महोदय, एकतर या इशाऱ्यावर सही करा, नाहीतर सही का करत नाही ते स्वतःच्या सहीने लिहून द्या. ज्योतिषी महोदय, आपणही लिहून द्या: शनिवारी काय होणार, किती वाजता, आणि काय झालं म्हणजे आपण "चुकलो" म्हणाल. फक्त एवढी एक ओळ. ती लिहिता आली, तर मी आपल्या विद्येला शास्त्र म्हणायचा विचार तरी करीन. लिहिता आली नाही, तर त्या विद्येच्या भरवशावर कुणाचं टेबल काढू नका, कुणाचं घर तोडू नका, आणि कुणाची बोट पाण्यात घालू नका. त्या ओळीत 'बहुधा' हा शब्द चालणार नाही. माफ करा, बहुधा.

बंदराधिकारी, आपण दोन्ही उत्तरं आल्याचे साक्षी राहा. मागच्या मंडळींनो, तुम्ही अंदाज ऐकलाच आहे. मालकाला सांगताना माझं नाव सांगू नका, हिचं सांगा.

मला बोलावल्याबद्दल, या कोंडलेल्या खोलीत इतका वेळ बसल्याबद्दल, आणि दाराशी उभे राहून ऐकल्याबद्दल मी तुम्हां सर्वांची ऋणी आहे. वयाने आणि रागाने माझ्याकडून सभेचा मान कुठे राखला गेला नसेल, तर त्याबद्दल उदार मनाने क्षमा असावी. मात्र मी सांगितलेल्या गोष्टीत चूक असेल, तर ती क्षमा करू नका. फळा शोधून आणा, त्या रिकाम्या चौकटीत टांगा आणि तिथे लिहा. शनिवारी मी इथे येऊन उभी राहीन. बसणार नाही.

तोवर मी खाली जिन्यापाशी खुर्ची टाकून थांबते. उत्तर तोंडी चालणार नाही, निरोप्याकडून चालणार नाही. लेखी, सहीसकट, माझ्या हातात.

शुक्रवार, सहा तारीख, दुपारी बारा वाजायच्या आत.